कोंडलेल्या महादेवाचा पंचनामा

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातल्या बऱ्याच माणसांचे चेहरे आता डोळ्यांपुढे येत नाहीत. एका दगडाच्या चोरीचा हा साधा तपास मात्र पुसला जात नाही. माणसं हयात आहेत, कोणाची मुलं चांगल्या पदांवर आहेत, म्हणून नावं घेत नाही. गावाचंही नाही. लातूर जिल्ह्यात, चाकूरच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी, एवढं पुरे.

लातूर उस्मानाबादपासून नुकतंच वेगळं झालं होतं. नव्या जिल्ह्याचं कौतुक चाललं होतं, रोज कुठे ना कुठे पाटी बदलत होती, नारळ फुटत होता. आणि नेमका त्याच काळात पाऊस रुसला. आषाढ कोरडा चालला होता. माझी देगलूरहून या तालुक्याच्या ठाण्यात फौजदार म्हणून बदली झाली तेव्हा पहिल्या आठवड्यात चोरीच्या तक्रारी कमी आणि पाण्याच्या नंबरावरून झालेल्या मारामाऱ्या जास्त आल्या. ठाण्याच्या व्हरांड्यात रांजण होता, त्यालाही हवालदाराने झाकणावर कुलूप घालून ठेवलं होतं.

या तालुक्याच्या गावात एक संग्रहालय होतं. निजामाच्या काळातल्या करोडगिरी नाक्याच्या, म्हणजे जुन्या जकात नाक्याच्या, इमारतीत एका निवृत्त मुख्याध्यापकाने ते उभं केलं होतं. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. गंजलेल्या तलवारी, हाली सिक्क्याची, म्हणजे निजामाच्या चलनातली, नाणी, लाकडी मापं, जाती, वीरगळ असा संसार होता. जिल्हा नवा झाला, आता जिल्ह्याला त्याचा इतिहास पाहिजे, हे गुरुजींचं पालुपद. सोमवार ते शनिवार शाळा यायच्या. रविवारी अंगणात बैठक असायची. एकेका रविवारी एकेका गावची म्हातारी माणसं येऊन गावाविषयी सांगायची, गुरुजी शेवटी बोलायचे आणि चहा व्हायचा. चांगलं काम होतं, यात शंका नाही. गुरुजींना फक्त एक खोड होती. समोर ऐकणारा दिसला की त्यांना थांबता येत नसे.

संग्रहालयात एक काळा, गुळगुळीत दगड होता. मध्यम घागरीएवढा. जवळच्या एका खेड्यात रोजगार हमीवर पाझर तलाव खणताना तो निघाला. ती महादेवाची पिंड आहे, गावाबाहेरच्या ओस देवळातली असावी, हे गुरुजींनी ओळखलं. तेव्हा गावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. गुरुजी बैलगाडीतून तो दगड घेऊन आले आणि त्याला चौथऱ्यावर बसवलं.

मग पाऊस रुसला, आणि त्याच खेड्यातली शाळा संग्रहालय पाहायला आली. गुरुजींनी मुलांना दगडापुढे बसवलं आणि सांगितलं, "हा तुमच्या गावचा देव. पूर्वी पाऊस नाही आला की लोक गाभाऱ्याचं पाणी जायचं तोंड बुजवायचे आणि महादेव पाण्यात बुडवून कोंडून ठेवायचे. देवाला गुदमरलं की तो पाऊस पाडतो, अशी समजूत होती." समजूत होती, असं ते म्हणाले. पण तिसरी-चौथीची लेकरं. घरी गेल्यावर त्यातलं काय सांगतील? आपला देव तालुक्याला कोरडा बसवून ठेवलाय आणि म्हणून पाऊस पडत नाही, एवढंच घरोघर पोचलं.

हे सगळं मला नंतर कळलं. माझ्यापर्यंत प्रकरण आलं ते एका सोमवारी सकाळी. गुरुजी धावत ठाण्यात आले. दुसऱ्या एका शाळेची मुलं आली होती, त्यांना घेऊन ते चौथऱ्यापाशी गेले तर दगड नाही. मी पोचलो तेव्हा मुलं चौथऱ्यावरच्या धुळीत उमटलेलं गोल निशाण रांगेने पाहत होती आणि त्यांचे मास्तर सांगत होते, "बघा, इथे होता." गुरुजींनी फिर्याद दिली. कुलूप तुटलेलं नव्हतं, खिडकीचे गज शाबूत होते.

संशय कोणावर, असं विचारल्यावर गुरुजींनी क्षणभरही वेळ घेतला नाही. चौकीदारावर. मॅट्रिक झालेला तरुण होता, नव्या जिल्ह्याच्या कार्यालयाने रोजंदारीवर दिलेला, आणि कायम होण्याच्या ऑर्डरची वाट पाहत होता. ती ऑर्डर यायच्या बेतात होती. घरची सगळी भिस्त त्याच नोकरीवर. तो त्याच खेड्यातल्या बौद्ध वस्तीत राहायचा, रोज सायकलने यायचा.

"चावी त्याच्याकडे असते," गुरुजी म्हणाले, "आणि साहेब, त्यांना देवाचं काय? त्यांनी देव केव्हाच सोडलेत. विकायला हात कचरणार नाही."

ज्याने देव सोडला तो देव चोरेल कशाला, हे मी विचारलं. त्यावर गुरुजींनी चष्मा पुसला.

दुपारी खबर आली. बसस्टँडसमोर हॉटेल चालवणारा एक इसम आमचा खबऱ्या होता. चहाबरोबर बातमी आणून द्यायचा. तो म्हणाला, "काल बैठक सुटल्यावर चौकीदारानं बैलगाडीत कायतरी लई जड चढवलं, मी डोळ्यानं बघितलं." गाडी कोणाची होती? त्याला गाडी दिसली होती, बैलांचे रंग दिसले होते, गाडीवान मात्र दिसला नव्हता. इतकं निवडून पाहणारी नजर मी खबऱ्यांमध्ये पुष्कळदा बघितली आहे. खबर खरी असते आणि अर्धी असते, आणि उरलेला अर्धा भाग खबऱ्याच्या उधारीच्या गिऱ्हाइकांत बसलेला असतो.

चौकीदाराला आणलं. आमच्या हवालदाराने खोलीत शिरल्याबरोबर कमरेचा पट्टा सोडायला घेतला. मी तो परत बांधायला लावला. हवालदार माझ्यावर आठवडाभर नाराज होता.

"गाडीत काय चढवलंस?"

गप्प.

"कोणाची गाडी होती?"

गप्प. मान खाली, हात मांडीवर. खोटं बोलणारा माणूस बोलतो, भरपूर बोलतो. निर्दोष माणूस ओरडतो, शपथा घेतो, रडतो. हा दोन्हींतलं काहीच करत नव्हता. मधेच एकदा एवढंच म्हणाला, "सायेब, मी चोरी केली न्हाई. त्याच्या म्होरं मला इचारू नका." म्हणजे त्याला माहीत होतं. आणि ते सांगण्यापेक्षा लॉकअप बरं असं त्याला वाटत होतं. नोकरी जाणार हे त्याला कळत होतं, कारण ते मीच त्याला दोनदा सांगितलं. त्याचे डोळे भरले, पण तोंड उघडलं नाही. त्याला अटक दाखवली, स्टेशन डायरीत नोंद झाली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कोर्टापुढे उभं करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी ऐन उन्हात त्याची आई आली. खेड्यातून पायी. डोक्यावर फडक्यात भाकरी, हातात रिकामा तांब्या. दारात उभी राहून तिने पोराचं नाव घेतलं नाही, आधी हवालदाराला म्हणाली, "दादा, पानी मिळंल का वाईच?"

हवालदाराने रांजणाचं कुलूप काढलं. एक पेला ती गटागट प्यायली. दुसरा प्यायली. तिसरा मागताना ओशाळली. मग तांब्या पुढे केला, "ह्यो भरून घिऊ का?" हवालदार माझ्याकडे पाहायला लागला. मी मान हलवली. त्यानेच भरून दिला.

लॉकअपच्या गजांशी बसून ती पोराशी बोलत होती. मी टेबलावरून ऐकत होतो.

"खा रं लेकरा."

"तू खाल्लीस का?"

"कोरडी कशी गिळावी? दोन दिस झाले वस्तीला टँकर न्हाई."

"न्हाई म्हंजी? कामून?"

"गावातल्यांनी अडवला ना वर. डायवरला धरून समदं पानी देवळात वतलं. महादेव कोंडलाय म्हन्तेत. पाऊस येईल तवा वस्तीला बी पानीच पानी, आसं म्हनून राहिले. शेजारची पोरगी चक्कर येऊन पडली काल."

तो उठून उभा राहिला. दोन्ही हातांनी गज धरले.

"देवळात वतलं? आमचं पानी?"

"हाव की."

"सायेब," त्याने मला हाक मारली. आदल्या दिवशीचा आवाजच नव्हता तो. "लिवून घ्या. मी सांगून राहिलो, समदं लिवून घ्या."

आणि त्याने सांगितलं. रविवारच्या बैठकीला त्याच्याच गावची मंडळी आली होती, बरोबर भजनी मंडळ. पेटी, टाळ, चिपळ्या ठेवायची एक लाकडी संदूक त्यांनी गाडीतून आणली होती. येताना दोघांनी सहज उतरवून आत नेऊन ठेवली. बैठक रंगली, गुरुजींना फेटा बांधला, हार घातला. गुरुजी बोलायला उभे राहिले. तेवढ्यात काही म्हातारे "देवाला एकदा हात जोडून येतो" म्हणून आत गेले. हा अंगणात चहा वाटत होता. जाताना पखवाज आणि बाजाची पेटी मंडळींनी हातात धरली होती, आणि रिकाम्या संदुकीला मात्र चौघांचे हात लागले. उचलेना म्हणून यालाच हाक मारली. "ये रं, हात लाव." त्याने हात लावला.

"उचलली तवाच कळलं मला, आत काय हाय ते. त्यांनी बी माझ्याकडं बगितलं. गावच्या पुढाऱ्यानं खांद्यावर हात ठिवला, म्हनला, टँकर तुमच्या वस्तीला आमच्याच गावातून जातो, ध्यानात ठीव."

"मग काल का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"काल सांगितलं आसतं तर वस्तीचं पानी तोडलं आसतं. म्हनलं नोकरी जाऊ द्या, मायला पानी मिळतंय. आता तोडायला काय राह्यलं, सायेब?"

त्याच्या आईलाही हे सगळं तेव्हाच पहिल्यांदा कळत होतं. ती भाकरीचं फडकं नुसतं उलगडत होती आणि घडी घालत होती. मला संताप आला. कोणाचा, हे त्या वेळी ठरवता आलं नाही, म्हणून हवालदारावर ओरडलो आणि जीप काढायला सांगितली.

तालुक्यातले दोन पंच, दगड ओळखायला फिर्यादी गुरुजी, चौकीदार आणि त्याची आई, असे आम्ही खेड्यावर गेलो. देऊळ गावाच्या शिवेवर, उताराच्या टोकाला. बसकं, काळ्या दगडाचं, गाभारा जमिनीच्या खाली. दाराला नवं कुलूप. गावचा पुढारी हात जोडून सामोरा आला.

"चावी पुजाऱ्याकडं, सायेब. पुजारी लातूरला गेलाय. आन् देऊळ तर ओस हाय, आत हाय काय?"

मी दाराकडे पाहत होतो. चहूकडे रानं भाजून निघालेली, झाडाला पान नाही, आणि त्या ओस देवळाच्या उंबऱ्याच्या फटीतून मधमाश्या आत-बाहेर करत होत्या. मागच्या बाजूला गेलो. देवळातलं पाणी बाहेर पडायला भिंतीत दगडी तोंड असतं, तिथे चिमण्यांची झुंबड उडालेली. तोंडात चिखल आणि फडकी कोंबलेली होती आणि चिखल ओला होता. गावातल्या आडाचा तळ दिसत होता, आणि इथे भिंत पाझरत होती.

"पुजाऱ्याला लातूरहून बोलवा," मी म्हणालो, "नाहीतर पंचांसमक्ष कुलूप तोडतो."

पुजारी लातूरहून लगेच आला. समोरच्या घरातून.

दार उघडलं. गाभारा कमरेएवढ्या पाण्याने भरलेला. वर झेंडूची फुलं, बेलाची पानं तरंगत होती. तळाशी काळा दगड स्वच्छ दिसत होता. आत एवढा गारवा होता की बाहेरच्या उन्हात उभा असलेला प्रत्येक जण नकळत एक पाऊल पुढे सरकला.

"गुरुजी, ओळखा," मी म्हणालो.

गुरुजींनी दगड पाहिला. मग चपला काढल्या आणि हात जोडले. रविवारी रविवारी समजुती आणि इतिहास यांतला फरक सांगणारा माणूस, त्याच्या ओठांची पुटपुट मला ऐकू येत होती. ते वळून म्हणाले, "साहेब, राहू द्या. आपल्या ठिकाणी पोचलाय तो. माझी तक्रार नाही."

"तुमची तक्रार नाही, पण माझ्या लॉकअपमध्ये काल एक माणूस होता," मी म्हणालो.

दगड मुद्देमाल म्हणून जप्त करायचा तर पाणी काढावं लागणार होतं. मी म्हणालो, हे टँकरचं पाणी आहे, वस्तीच्या बायकांना हंडे घेऊन बोलवा, आधी भरू द्या. निरोप जायचीही गरज पडली नाही. जीप पाहून त्या आधीच उताराच्या खाली येऊन थांबल्या होत्या, हंडे, कळश्या, तेलाचे डबे घेऊन.

पुढारी मऊ आवाजात म्हणाला, "सायेब, आता ते पानी ऱ्हायलं न्हाई. तीर्थ झालं. त्यांचे हंडे गाभाऱ्यात कसे बुडवावं?"

चौकीदाराची आई माझ्या मागेच उभी होती. ती पुढे झाली. "तीर्थ कशाला म्हन्ता? आमच्या टँकरचं पानी हाय ते. आमाला तुमचा गाभारा नगं. तुमच्या हातानं भरून द्या, आमी भाईर धरताव."

मी गावकऱ्यांकडे पाहिलं. कोणी तरी पुढे या, म्हणालो. एवढा जमाव होता, त्यात शेतकरी होते, दुकानदार होते, शाळेचे मास्तर होते. एकाचाही पाय हलला नाही. तेव्हा मी माझ्या दोन शिपायांना पँटी वर करायला सांगितलं आणि पंचनाम्याचा कागद जीपच्या बॉनेटवर ठेवला.

शिपाई पायऱ्या उतरत होते आणि गाभाऱ्यात गुडगुड असा आवाज झाला. फुलं एका बाजूला गोळा व्हायला लागली. देवळामागून कोणीतरी फडकी उपसली होती.

दगडी तोंडातून धार सुटली आणि उताराच्या भेगाळ मातीत शिरली. बायका धावल्या. पहिलीने हंडा लावला, धक्क्याने तो कलंडला. बाकीच्यांनी ओंजळीने, पदराने, डब्याने जे मिळेल ते ओढलं. मिळाला तो चिखल. एवढा मोठा गाभारा, पण रिकामा व्हायला वेळ लागला नाही. जमीनच तशी तहानलेली होती. वाहून गेलेलं पाणी वस्तीच्या रस्त्यापर्यंतही पोचलं नाही.

फडकी कोणी काढली, हे मी प्रत्येकाला वेगळं घेऊन विचारलं. कोणी पाहिलं नव्हतं. त्या वेळी सगळं गाव आभाळाकडे बघत होतं, असं पुढारी म्हणाला.

"सायेब," चौकीदाराची आई म्हणाली, "पानी कुनी सोडलं ते कागदावर लिवा."

मी लिहिलं: गाभाऱ्यातील पाणी वाहून गेले. कोणी सोडलं, तर अज्ञात इसमाने, असं लिहिलं. पंचांनी सह्या केल्या. तालुक्याहून टँकर पाठवायला लावला, तो संध्याकाळी वस्तीला पोचला, एवढं एकच काम त्या दिवशी धड झालं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण थोडक्यातच उरकलं गेलं. वरून फोन आला. जिल्हा नवा आहे, दुष्काळ आहे, वातावरण बिघडवू नका. फिर्यादीने जबाब फिरवला, गैरसमजातून तक्रार दिली म्हणाला. सी समरी, म्हणजे गैरसमजातून नोंदलेला गुन्हा असा शेरा, मंजूर झाली, फाइल बंद. टँकर अडवल्याचा वेगळा अहवाल मी दिला, त्यात ड्रायव्हर निलंबित झाला. दगड सन्मानाने गावाला परत दिला आणि समारंभात गुरुजींना पुन्हा फेटा बांधला.

आणि चौकीदाराची रोजंदारी संपवली. कायमची ऑर्डर आलीच नाही. मी गुरुजींकडे गेलो. म्हणालो, चोरी झालीच नाही असं तुम्ही कोर्टाला सांगितलं. मग न झालेल्या चोरीपायी याची नोकरी कशी गेली?

ते म्हणाले, "साहेब, रोज शाळा येतात. लॉकअपमधून आलेला माणूस दारावर बघून पालक काय म्हणतील? आणि त्याने पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं की."

मी निघालो. बोललो असतो तर शिवी आली असती.

काही वर्षांनी नांदेडला बंदोबस्तावर असताना तो मला भेटला. मी ओळखलं नाही, त्यानेच सलाम केला. जिनिंगमध्ये कामाला होता. आईला घेऊन तेव्हाच गाव सोडलं होतं. पोरगा शाळेत होता. शाळेची सहल तेच संग्रहालय बघायला जाणार होती.

"मग पाठवतोयस ना?"

"न्हाई सायेब," तो हसून म्हणाला. "त्याला घरीच ठिवून घेनार."

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली, आणि पुढे नव्या फौजदारांनाही मी ती सांगत आलो. गप्प बसलेल्या माणसाला काय लपवतोस हे विचारण्याआधी, त्याचं पाणी कोणाच्या दारावरून येतं ते विचारा. बाकी कायद्याने काय होतं आणि काय होत नाही, हेही मी त्याच उतारावर शिकलो, पण ते नव्या पोरांना सांगवत नाही.

निवृत्तीनंतर त्याच संग्रहालयाने मला रविवारच्या बैठकीला बोलावलं. शाळेची मुलं मुद्दाम बोलावली आहेत, त्यांना पोलिसांच्या कामाविषयी सांगा, म्हणाले. गुरुजी आता नाहीत, त्यांचा मोठा फोटो दारात आहे. चौथऱ्यावर दगडाचं छायाचित्र आणि खाली पाटी: ग्रामस्थांच्या श्रद्धेचा मान राखून सुपूर्द. मी ठरवून गेलो होतो. मुलांना ही सगळी हकीकत सांगितली, काही न गाळता. लॉकअप, तांब्या, चिखलात कलंडलेला हंडा, सगळं. शिक्षक घड्याळ बघायला लागले. संयोजकांनी दोनदा चहा आला म्हणून खुणावलं.

मी थांबलो तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

"सर, मग पाऊस आला का?"

आला होता. पाणी वाहून गेलं त्यानंतर थोड्याच दिवसांत धो धो आला होता. गावाने देवळाला चुना लावला, जेवणावळ घातली, आणि चौकीदाराचं नाव त्या पहिल्या पावसातच वाहून गेलं. मला खोटं बोलता येईना.

"आला," मी म्हणालो.

मुलांनी जोरात टाळ्या वाजवल्या.